नावात इंग्रजी नको

मुलीचं नाव 'गौतमी' ठेवता येणार नाही, कारण त्यात 'गाऊट' आहे, असं संघर्षने मोबाईलमधून डोकं वर न काढता जाहीर केलं. पडवीत बसलेल्यांपैकी एकालाही त्यातलं काही कळलं नाही.

"काय हाय त्यात?" त्याचे वडील महिपत यांनी विचारलं.

"गाऊट. इंग्लिशमध्ये रोगाचं नाव हाय. पायाचा अंगठा सुजतो."

महिपत उठले, पाळण्यापाशी गेले, सव्वा महिन्याच्या नातीचे दोन्ही अंगठे नीट निरखून परत येऊन बसले. "सूजबीज कायबी न्हाय," ते म्हणाले. "झ्याक हायत."

हा बुधवार होता. नामकरण रविवारी. तळा या तालुक्याच्या गावापासून चार किलोमीटरवरच्या त्या वाडीत महिपतांच्या घरापुढे मांडवाचे खांब येऊन पडले होते, जेवणाला सांगून झालं होतं, सून तेजस्वी बाळाला घेऊन माहेराहून आली होती आणि महिपतांची थोरली बहीण येसूबाई आठ दिवस आधीच श्रीवर्धनहून आपली पिशवी घेऊन दाखल झाली होती. फक्त नाव तेवढं नव्हतं. म्हणजे एका अर्थी होतंही. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि बाळाची आत्या प्रणाली नागावला नवऱ्याबरोबर होमस्टे चालवत होती. तिने बाळ जन्मलं त्याच दिवशी फोनवर बजावलं होतं, "नाव माझ्याकडे तयार हाय. कानात सांगेन तेव्हाच कळेल. कुणी डोकं चालवायचं नाय."

संघर्ष तेव्हा हो म्हणाला होता. पण त्यानंतर त्याला ते संकेतस्थळ सापडलं.

कुणा परदेशी रिकामटेकड्याने ते बनवलेलं होतं. त्यात कुठलंही नाव इंग्रजी अक्षरांत टाकायचं. मग खाली दोन याद्या येत. एका यादीत त्या नावाशी यमक जुळणारे इंग्रजी शब्द, दुसरीत त्या नावाच्या अक्षरांतून तयार होणारे इंग्रजी शब्द. एखाद्याने दोन मिनिटं गंमत पाहिली असती आणि सोडून दिली असती. संघर्षने त्याची चाळणी केली. दोन्ही याद्यांत एकही वावगा शब्द येणार नाही तेच नाव माझ्या मुलीचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

त्याला तसंच कारण होतं, पण ते त्याने घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पनवेलजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात तो नोकरीला लागला, त्या पहिल्याच आठवड्यात व्हिडिओवरच्या मीटिंगमध्ये एका गोऱ्या साहेबाने पडद्यावरचं त्याचं नाव मधोमध तोडून वाचलं. 'सँग हार्श'. सँग म्हणजे गायलं, हार्श म्हणजे कर्कश. साहेबाने अगदी आपुलकीने विचारलं, "तू गातोस का?" ऑफिस जे हसलं ते सात वर्षं हसत होतं. कुणाचा वाढदिवस आला की केक कापायच्या आधी कुणीतरी म्हणणारच, "संघर्ष, तू तेवढं गाऊ नको हां." गळ्यातल्या ओळखपत्रावरसुद्धा मध्ये जागा सोडून दोन शब्द छापून आले होते. संघर्षही सगळ्यांबरोबर हसायचा. पण मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा त्याच्या मनात आनंदाच्या पाठोपाठ तोच विचार आला, की हिच्या नावाला कुणी हसता कामा नये. माणूस हटवादी होता खरा, पण त्याच्या मनात खोट नव्हती.

"क्षमा?" तेजस्वीने सुचवलं.

"शॅम निघतो त्यात. म्हणजे ढोंग."

"साधना?"

"सॅड. दुःखी."

"प्रतिभा?"

"प्रॅट." संघर्षने शब्द दाबून पाहिला. "मूर्ख माणूस."

"करुणा," आतून त्याची आई सोनाबाई म्हणाली, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नको गं बाय. त्याला तुझा मोबाईल कशाला लागतोय? आत्ता कुठं त्या कोरोनातून सुटलोय."

गुरुवारपर्यंत चाळीस नावं गळाली. घरच्यांची खात्री पटावी म्हणून संघर्षने मग त्यांची नावं टाकून दाखवायला सुरुवात केली, आणि इथेच त्याचं चुकलं. पहिलं नाव त्याने बायकोचं टाकलं.

"हे बघ, तेजस्वी. अक्षरं जुळवली की काय येतंय? वेस्ट. एक वेस्ट म्हणजे कंबर आणि दुसरं वेस्ट म्हणजे वाया गेलेलं."

तेजस्वीला बाळंत होऊन सव्वा महिना झाला होता. माहेरी तिने डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी मन लावून खाल्ली होती.

"कंबर वाया गेली असं म्हणतोस?"

"मी नाय म्हणत, मोबाईल म्हणतोय."

"मग संध्याकाळचं ताटपण मोबाईलच वाढेल," तेजस्वी म्हणाली आणि बाळाला घेऊन आत गेली.

येसूबाईला मात्र यात रस वाटू लागला. ती सत्तरीची होती, तरी कान शाबूत होते. "माजं बघ रं," ती पुढे सरकली.

संघर्षने 'येसूबाई' टाकलं. "येस. यू. बाय." त्याला स्वतःलाच हसू आलं. "येस म्हणजे हो. यू म्हणजे तू. बाय म्हणजे जा आता."

येसूबाईने ते दोनदा म्हणून पाहिलं. "म्हंजी आलेल्या मानसाला हो म्हनायचं आनि मंग घालवून द्यायचं. आरं, माज्या नावात इंग्लिशचं पुरं वाक्य हाय की! आनि सत्तर वर्सं कुनी बोललं न्हाय मला!"

तिने चप्पल घातली आणि वाडीभर हे वर्तमान सांगून आली. शुक्रवारी सकाळी महिपतांच्या पडवीत रेशनच्या दुकानावर असावी तेवढी रांग लागली. प्रत्येकाला आपल्या नावात काय इंग्रजी आहे ते पाहायचं होतं. महिपत रांगेतल्या लोकांना चहा देऊन देऊन थकले. त्यांच्या स्वतःच्या नावात 'हिप' निघाला, आणि तो शरीराचा नक्की कुठला भाग हे सुनेसमोर सांगायचं नसल्यामुळे संघर्षने "कंबरेच्या आसपास" एवढंच सांगितलं.

रांगेत शेजारचा मोरू होता. मोरूने तीन वर्षांपूर्वी विहारात सगळ्यांसमोर पाचवं शील मनावर घेतलं होतं आणि दारूला पुन्हा शिवला नव्हता. संघर्षने त्याचं नाव टाकलं आणि घाईघाईने मोबाईल उलटा ठेवला.

"काय निघालं?" मोरूच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, सखूने विचारलं.

"कायतरी 'अवर' हाय. म्हणजे आमचं."

"आनि दुसरं?"

"दुसरं... रम."

सखूने नवऱ्याकडे पाहिलं. "तरी मी म्हनते, परवा तुमच्या तोंडाला वास कसला येत व्हता!"

"अगं, खोकल्याचं औषध होतं ते!"

"नावातच हाय तुमच्या, औषधावर नका ढकलू!"

ती दोघं भांडत घरी गेली. संघर्षला वाईट वाटलं, पण त्याला आता थांबायला वेळ नव्हता, कारण तळ्याच्या फ्लेक्सवाल्या स्वराजचा सकाळपासून पाचवा फोन आला होता.

"दादा, नाव पाठव की. बाकी सगळं तयार हाय. फुलं टाकलीत, हत्ती टाकलाय, फुगे टाकलेत. नावाची जागा रिकामी हाय. दुपारी मशीन लावणार, मग उद्या मला येळ नाय."

संघर्ष परड्यात जाऊन फणसाखाली बसला. इंग्रजीला सापडणार नाही असं नाव मिळवायचं तर ते आपणच बनवायला हवं, हे त्याच्या आता लक्षात आलं होतं. त्याने अक्षरांना अक्षरं जोडायला सुरुवात केली. 'झ' घातला, काढला. 'ज्व' घातला. शेवटी तासाभराने त्याने एक नाव टाकलं, आणि पहिल्यांदाच खाली एकही शब्द आला नाही. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर मोठ्या अक्षरांत फक्त एक ओळ उमटली. 'नो रिझल्ट्स फाउंड'. म्हणजे काहीच सापडलं नाही. संघर्षच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने त्या पडद्याचा फोटो घेऊन स्वराजला पाठवला, खाली लिहिलं, 'हेच फायनल', आणि पळतच घरात आला.

"मिळालं! ऋज्वीक्षा!"

"रुज... रुजवी..." सोनाबाईने प्रयत्न केला. "वाईच सावकाश सांग."

"ऋज्वीक्षा."

"मंजी काय?" महिपतांनी विचारलं.

"अर्थ अजून बघितला नाय. पण इंग्लिशमध्ये त्याचं काय वाकडं करता येत नाय."

"रिक्षा?" येसूबाई म्हणाली. "पोरीला रिक्षा म्हनायचं?"

"आत्या, रिक्षा नाय! ऋज्वी... क्षा."

"त्येच म्हनले मी. शाळेत गेली की समदी म्हननार, आली रिक्षा. आनि मला सांग, रिक्षाला इंग्लिशमध्ये काय म्हंत्यात?"

रिक्षाला इंग्रजीत रिक्षाच म्हणतात हे संघर्षला माहीत होतं, आणि त्या मूर्ख संकेतस्थळाला ते माहीत नव्हतं. पण मशीन लागलं होतं आणि आता माघार घ्यायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. "हेच ठेवायचं," तो म्हणाला. "मी ठरवलंय."

शनिवारी दुपारी प्रणाली आणि तिचा नवरा सुजित नागावहून आले. बरोबर शहाळी, ओल्या काजूचा डबा आणि बाळासाठी पाच झबली. प्रणालीने बाळाला मांडीवर घेतलं, त्याच्या कपाळाचा वास घेतला आणि तेवढ्यात येसूबाईने बातमी फोडली.

"तुजं काम न्हाय आता. नाव बापानं आनलंय. रिक्षा."

प्रणालीने भावाकडे पाहिलं. "दादा, खरं?"

"रिक्षा नाय, ऋज्वीक्षा. तू फक्त कानात सांगायचं."

"म्हणजे तोंड माझं आणि नाव तुझ्या मोबाईलचं? एवढ्यासाठी आत्या लागते? मग मोबाईलच धर की तिच्या कानाशी."

"अगं, तू सांगशील त्यात काय निघेल कुणाला माहिती! तुझ्याच नावात बघ, सरळ सरळ 'रॅन' हाय!"

"रॅन म्हणजे?" सोनाबाईने विचारलं.

"पळाली," संघर्ष म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच समजलं की आपण काय बोलून बसलो.

सहा वर्षांपूर्वी प्रणालीने सुजितबरोबर अलिबागला जाऊन परस्पर लग्न केलं होतं. महिपत वर्षभर लेकीशी बोलले नव्हते. मग सगळं मिटलं, जाणं-येणं सुरू झालं, आणि तेव्हापासून 'पळणे' हे क्रियापद त्या घरात कुणी वापरत नसे. सुजित छताकडे पाहू लागला. महिपत खांबाकडे पाहू लागले. "चहा ठेवते," सोनाबाई म्हणाली, आणि चुलीवर चहा आधीच उकळत असताना पुन्हा आत गेली.

"पळाले तेच बरं केलं," प्रणाली म्हणाली. "उद्या मी कानात काय सांगणार नाय. तूच वाक पाळण्यात. आम्ही जेवून जाऊ, पावण्यांसारखे."

रविवारी सकाळी स्वराजने फ्लेक्स पाठवून दिला. मोरूने तो खांबांना बांधला. मोरूला त्यावरचा हत्ती आवडला, नाव त्याने वाचलं नाही. 'रम' निघाल्यापासून तो कुणाच्या नावाच्या भानगडीत पडत नव्हता. दहाच्या सुमाराला माणसं यायला लागली. येणारा प्रत्येक जण मांडवाच्या तोंडाशी थांबे, वर बघे, ओठ हलवे आणि आत येऊन बसे. एक-दोघांनी महिपतांना मुद्दाम सांगितलं, "येगळंच नाव हाय हां. आमच्याकडं अजून कुनी ठेवलं न्हाय."

मग विधीसाठी बोलावलेले प्रज्योत गुरुजी आले. ते बौद्धाचार्य, शिवाय तळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं, "कुमारी नो रिझल्ट्स फाउंड हिच्या नामकरण सोहळ्यास आपले हार्दिक स्वागत."

संघर्ष घरातून धावत आला. फुलं होती, हत्ती होता, फुगे होते, आणि मधोमध गुलाबी, झोकदार मराठी अक्षरांत तेच होतं. त्याने स्वराजला फोन लावला.

"अरे काय छापलंस हे?"

"तूच पाठवलं ना दादा? खाली 'हेच फायनल' लिहिलं होतंस," स्वराज पलीकडून म्हणाला. "मला वाटलं, जरा लांब हाय. पण आजकाल लोक काय काय नावं ठेवतात, आपण कशाला विचारायचं? आणि बाकी फ्लेक्स मराठीत, म्हणून तेपण मी मराठीत घेतलं. चुकलं का?"

संघर्षने पाठवलेला फोटो उघडून पाहिला. नाव टाकायचा चौकोन वरच्या वर कापला गेला होता. स्वराजला दिसली होती ती तेवढी एकच ओळ.

"निकाल लागला न्हाय असं कायतरी लिवलंय," मांडवातून कुणीतरी दुसऱ्याला समजावत होतं. "पोरगी नापास केली व्हय आताच?"

तेजस्वी बाळाला घेऊन दारात आली. तिने वर पाहिलं. गुरुवारपासून ती नवऱ्याशी जेमतेम बोलत होती. आता तिला हसू आलं, मग हसता हसता तिचे डोळे भरले. "संघर्ष," ती म्हणाली, "काय चाललंय तुझं? एकदा सांगून टाक ना. का करतोयस हे सगळं?"

आणि भरल्या मांडवात, आपल्या मुलीच्या नापास झालेल्या नावाखाली उभं राहून संघर्षने सगळं सांगितलं. गोरा साहेब, कर्कश गाणं, वाढदिवसाचे केक, ओळखपत्र. सात वर्षांचं सांगायला त्याला तीन मिनिटं लागली. सांगून झाल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला.

महिपत खुर्चीतून उठू लागले आणि परत बसले. "माज्या पोराच्या नावाला हसतात व्हय?" ते एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून संघर्षला वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"दादा," सुजित मागून म्हणाला. कालपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "आम्ही होमस्टेवाले दिवसभर इंग्लिश अक्षरांत मराठीच लिहितो. पावण्यांना विचारतो, 'मासे चालतील का', तेपण इंग्लिश अक्षरांतच. ते तुझं कार्ड मी बघितलंय. मी तर ते मराठीतच वाचलं होतं. संग हर्ष. मला वाटलं, ऑफिसवाल्यांनी मुद्दाम तोडून काय झकास लिहिलंय. आनंदाची संगत."

संघर्षने मान वर केली. इतक्या वर्षांत ती अक्षरं मराठीत वाचायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"आनि नाव बापानं न्हाय ठेवलं तुजं," येसूबाई काठी टेकत पुढे आली. "मी ठेवलंय. मी तुजी आत्या. तीन दिस सोनी कळा सोशीत व्हती. दवाखान्यातली बाय म्हनाली, दोघांतलं येकच वाचंल. सोनी म्हनाली, दोगंबी ऱ्हानार. तिसऱ्या दिशी तू आलास. लोकांना वाटतंय, मोर्चाबिर्चातलं नाव हाय. मी तुज्या कानात संघर्ष म्हनाले ते तिचं बघून म्हनाले. ते तुजं नाव न्हाय रं बाबा, तुज्या आयशीचं हाय. तू नुसतं वागवतोयस."

सोनाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी पदराला हात पुसत उभी होती. "काय गं वन्सं, एवढ्या मानसांत," ती लाजून म्हणाली.

हे संघर्षला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तो आईच्या पाया पडला आणि सरळ आतल्या खोलीत गेला. तिथे प्रणाली पिशवीत कपडे कोंबत बसली होती.

"पने," तो म्हणाला, "माझं चुकलं. काल जे बोललो तेपण आणि नावाचंपण. तू चल."

"आणि मी सांगेन त्यात काय निघालं तर?"

"निघू दे."

"मोबाईल काढशील खिशातून."

संघर्षने मोबाईल काढून तिच्याच पिशवीत टाकला. प्रणालीने तो झबल्यांच्या खाली दाबला आणि डोळे पुसून उठली.

फ्लेक्स काढायला वेळ नव्हता. गुरुजींनी त्याच्याकडे पाठ करून त्रिसरण-पंचशील म्हटलं, माणसांनी मागून म्हटलं. पाचव्या शीलाला मोरूचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि सखू त्याच्याकडे बघत होती. मग प्रणाली पाळण्यात वाकली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, त्यात येसूबाईचा हात भलताच जड होता. "कुर्रर्र," प्रणाली म्हणाली आणि बाळाच्या कानाशी लागली. ताठ होऊन तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मैत्री."

"मैत्री," महिपतांनी म्हणून पाहिलं. एका दमात आलं. सोनाबाईने म्हणून पाहिलं, तिलाही आलं. तेजस्वी हसली. संघर्षला नाव इतकं आवडलं, की चाळीस नावांत आपल्याला हे एकदाही कसं आठवलं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

पण मांडवात भलतीच शांतता होती. संघर्षने वळून पाहिलं. त्याचा मोबाईल पिशवीत होता, पण बाकी सगळ्यांचे हातात होते. चार दिवसांत वाडीला सवय लागली होती. सगळ्यांच्या माना खाली, बोटं चालू.

"आर्ट निघतंय!" एक जण ओरडला. "आर्ट म्हंजी कला!"

"एअर! हवा!"

"ट्रॅम हाय, ट्रॅम!"

"रॅट," मागच्या रांगेतून सखूचा आवाज आला. नवऱ्याच्या रमपासून तिचा या शास्त्रावर पूर्ण विश्वास बसला होता. "रॅट म्हंजी उंदीर ना वं गुरुजी?"

गुरुजींना खोटं बोलता येईना. "हो," ते पुटपुटले.

प्रणालीचा चेहरा पडला. सगळे एकदम संघर्षकडे बघू लागले. तेजस्वीने पाळण्याची दोरी हातात घट्ट धरली.

संघर्षने वाकून मुलीला उचललं. एवढ्या गोंधळात ती जागी झाली होती. टोपरं मागे सरकून दोन्ही कान बाहेर आले होते, ती नाकाचा शेंडा हलवत होती आणि बापाच्या शर्टाचं बटण तोंडात घ्यायला बघत होती.

"मग हाय की," तो म्हणाला. "उंदरूच हाय माझं."

मांडवात हशा पिकला आणि पाळणा म्हणायला बायका पुढे सरसावल्या. पहिली पंगत बसली तेव्हा महिपत पाटावरून विचारत होते, उंदरू झोपलं का. दुसऱ्या पंगतीला येसूबाई उंदराला दृष्ट लागेल म्हणून मीठ शोधत फिरत होती. मोरूसुद्धा पाळण्यापाशी जाऊन, "ये उंदरा," म्हणून आला. संघर्ष तर मुलीला खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालत होता आणि दर फेरीला तिला तीच हाक मारत होता.

आणि प्रणाली ताट हातात घेऊन पंगतींमधून कळवळून सांगत होती, "अरे, मैत्री म्हणा रे तिला कुणीतरी!"